कॅसलरॉकच्या जंगलातलं सुटकेचं रेडिओ केंद्र

गोव्यात काळ मोजायचं एक वेगळंच माप आहे. घर कधी बांधलं, गावात शाळा कधी निघाली, काका आफ्रिकेतून कधी परतले, काहीही विचारा. जुन्या माणसाचं उत्तर बहुधा ‘लिबरेशनच्या आधी’ नाहीतर ‘लिबरेशननंतर’ असंच सुरू होतं. हिंदू असो की ख्रिस्ती, शिकलेला असो की नसो, हा इंग्रजी शब्द गोंयकाराच्या तोंडी पक्का बसलेला आहे. बेळगावात आपण ‘स्वातंत्र्याच्या आधी’ म्हणतो तेव्हा 15 ऑगस्ट 1947 हा दिवस मनात असतो. गोव्याची रेघ 19 डिसेंबर 1961 ला ओढलेली आहे. मधली चौदा वर्षं आणि चार महिने घाटावरची माणसं स्वतंत्र देशात राहत होती आणि घाटाखालचे त्यांचेच सोयरे पोर्तुगालच्या अमलाखाली.

या चौदा वर्षांतली शेवटची सहा वर्षं एक विलक्षण रेडिओ केंद्र चाललं. त्याला इमारत नव्हती, पाटी नव्हती, आणि बहुतेक काळ ते चालवायला दोनच माणसं होती.

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्याला त्या केंद्राची दिशा रोज दिसते, फक्त तिकडे लक्ष जात नाही. काँग्रेस रोडच्या अंगाने जो लोहमार्ग जातो, ज्याच्या फाटकांवरून आपण ‘पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट’ असे पत्ते सांगतो, तोच पुढे खानापूरवरून लोंढ्याला पोचतो. लोंढ्याला एक फाटा पश्चिमेकडे वळतो आणि कॅसलरॉकला जाऊन घाटाच्या तोंडाशी उभा राहतो. टिळकवाडीपासून हे अंतर साधारण 75 किलोमीटर. तिथून खाली ब्रागांझा घाट, दूधसागरचा धबधबा, कुळें आणि मग थेट मुरगाव बंदर. कॅसलरॉक ते मुरगाव हा मीटरगेज मार्ग 1888 मध्ये पुरा झाला. कॅसलरॉकला ब्रिटिशांची जकात चौकी होती, कुळ्याला पोर्तुगीजांची. एकाच गाडीतल्या उतारूंची ट्रंक दोन साम्राज्यांचे शिपाई पाठोपाठ उघडून पाहत.

1947 नंतर वरची चौकी भारताची झाली. खालची तशीच राहिली.

खाली काय परिस्थिती होती हे आज कल्पनेनेही पटायला जड जातं. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती आणि 1930 च्या वसाहत कायद्याने गोव्यातल्या लोकांचं स्थान आणखी खालावलं होतं. सभा घ्यायला परवानगी लागायची. वर्तमानपत्र छापण्याआधी सेन्सॉरच्या हातून जायचं. लग्नपत्रिकासुद्धा छापखान्यात देण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. ते आले होते मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे असोळण्याला, तब्येत सुधारायला. त्या दिवसानंतर धरपकड वाढली आणि चळवळीतली अनेक माणसं सीमा ओलांडून मुंबई, सावंतवाडी आणि बेळगावकडे आली. मुंबई इलाख्याच्या दक्षिणेकडचा बेळगाव जिल्हा तेव्हापासून गोव्याच्या लढ्याचं परसदार झाला.

1954 साल या गोष्टीत महत्त्वाचं आहे, आणि त्याचा धागा गोव्यापासून बराच दूर, दमणच्या पलीकडे दादरा आणि नगरहवेलीत सापडतो. पोर्तुगीज अमलाखालचे हे दोन तुकडे चारही बाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेले होते. ते सोडवायचे ठरले तेव्हा पैसा हवा होता. सुधीर फडके यांनी लता मंगेशकरांना गळ घातली आणि पुण्याच्या हिराबागेत गाण्याचा कार्यक्रम झाला; त्यातून मोहिमेला निधी मिळाला. ज्यांच्या घरी ‘गीतरामायण’ ऐकलं जातं त्यातल्या किती जणांना ठाऊक असतं की त्याचे गायक संगीतकार त्याच्या आदल्याच वर्षी एका सशस्त्र मोहिमेत होते? जुलैच्या उत्तरार्धात दादरा हाती आलं, 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्व्हासा. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की पोर्तुगालच्या नागरी अधिकाऱ्यांना आणि मालाला भारतातून जाण्याचा हक्क होता, सशस्त्र सैन्याला मात्र नाही. सैन्य नेता येणार नाही म्हटल्यावर दावा जिंकून तरी काय उपयोग? 1961 पर्यंत हा चिमुकला प्रदेश स्वतःच्या वरिष्ठ पंचायतीच्या कारभारावर चालला, आणि विलीनीकरणाच्या करारावर कुणीतरी सही करायला हवी म्हणून बडलानी नावाच्या भारतीय सनदी अधिकाऱ्याला नावापुरतं तिथलं सरकारप्रमुख व्हावं लागलं. पंतप्रधान नेहरूंसमोर त्यांनी त्या नात्याने सही केली.

सिल्व्हासातून पळताना पोर्तुगीजांनी बिनतारी संदेशयंत्रं मागे टाकली. ती चळवळीच्या लोकांच्या हाती पडली. त्यांच्यात फेरफार करून प्रक्षेपक तयार करण्यात आला. पोर्तुगीजांच्याच यंत्रातून पोर्तुगीजांविरुद्ध बोलायचं, ही कल्पना कुणाच्याही डोक्यात आली असेल त्याला दाद द्यायला हवी.

तोवर सीमेवर रक्त सांडलं होतं. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली होती आणि 1955 च्या मे महिन्यापासून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरू लागल्या. सेनापती बापट उतारवयात गेले, ना. ग. गोरे गेले, पुढे मधु लिमये गेले. जबर मार, बारा वर्षांच्या शिक्षा, अग्वादच्या किल्ल्यातली कैद. 15 ऑगस्ट 1955 रोजी हजारो निःशस्त्र माणसांनी एकाच दिवशी सीमा ओलांडली आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पत्रादेवीला पनवेलचे हिरवे गुरुजी पडले. त्या दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. भारत सरकारने पोर्तुगालशी असलेले संबंध तोडले, नाकेबंदी आवळली, आणि कॅसलरॉकवरून खाली जाणारी गाडी थांबली. लोहमार्ग होता, बोगदे होते, पण गाडी नव्हती.

माणसं जाऊ शकत नव्हती, माल जात नव्हता, पत्रं फोडली जात होती. मग आवाज पाठवायचा ठरला.

25 नोव्हेंबर 1955 रोजी केंद्राचं पहिलं प्रक्षेपण झालं. दिवस मुद्दाम निवडलेला होता: 1510 मध्ये याच तारखेला अफोंसो दि आल्बुकर्कने गोवा घेतला होता. केंद्राचं पोर्तुगीज नाव ‘व्होझ दा लिबर्दादी’ आणि कोंकणी नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. बातम्या आणि भाष्य या दोन भाषांत रोज दिलं जाई. पोर्तुगीज का, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असं की ऐकणाऱ्यांत फक्त शेतकरी आणि रेंदेर (माडाची सूर काढणारे) नव्हते. कचेऱ्यांतले कारकून, वकील, डॉक्टर आणि खुद्द पोर्तुगीज अधिकारीही होते. त्यांना त्यांच्याच राज्याच्या भाषेत उत्तर ऐकवण्यात वेगळी धार होती.

केंद्र चालवणारी दोन मुख्य माणसं म्हणजे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही त्यांच्याबरोबर होते. लिबियाबाईंचा जन्म 1924 सालचा, पर्वरीचा; वाढल्या मुंबईत. दुसऱ्या महायुद्धात त्या मुंबईच्या सेन्सॉर कचेरीत युद्धकैद्यांची पत्रं वाचत असत. पुढे आकाशवाणीत नोकरी केली आणि कायद्याची पदवी घेतली. म्हणजे सेन्सॉर कसा विचार करतो हे त्यांना आतून ठाऊक होतं आणि मायक्रोफोनचीही ओळख होती. सालाझारच्या सेन्सॉरला भेदायला याहून योग्य माणूस कुठून मिळणार? तिशीतली ही मुंबईकर वकील मुलगी जंगलात राहायला गेली ती सहा वर्षं तिथेच राहिली.

आधी केंद्र आंबोलीला होतं. सावंतवाडीच्या डोक्यावरचा हा घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच, आणि महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. नंतर ते कॅसलरॉकच्या रानात हलवण्यात आलं. यंत्र ट्रकमध्ये बसवलेलं होतं. भोवती दाट झाडी, धुकं, जळवा, साप आणि रानटी जनावरं. ज्यांनी आंबोलीचा जुलै एकदा तरी अनुभवला आहे त्यांना माहीत आहे की तिथे चार दिवसांत चामड्याच्या चपलेला बुरशी चढते. त्या हवेत व्हॉल्व्हची नाजूक यंत्रं, कागद आणि बॅटऱ्या कोरड्या ठेवणं हेच एक अर्धवेळ काम असणार.

जागेची निवड मात्र हुशारीची होती. सह्याद्रीची कड इथे पश्चिमेला एकदम तुटते आणि खाली गोव्याचा उतार सुरू होतो. रेडिओलहरींच्या वाटेत मोठा डोंगर येत नाही. शिवाय कुठलंही गुप्त केंद्र त्याच्या लहरींमुळेच पकडलं जातं. शोधणारे फिरत्या अँटेनाने लहर कोणत्या दिशेने येते ते पाहतात. अशा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रेघा काढल्या की जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे प्रक्षेपक असतो. दुसऱ्या महायुद्धात युरोपात कित्येक गुप्त संदेशवाहक असेच सापडले आणि जिवाला मुकले. इथे पोर्तुगीजांनी कितीही अचूक रेघा काढल्या असत्या तरी त्या सीमेच्या अलीकडे येऊन मिळाल्या असत्या. दिसणाऱ्या जागी हात पोचत नाही, अशी पंचाईत.

आणि ऐकणारे? त्यांच्यासाठी धोका खराखुरा होता. खिडक्या लावून, आवाज बारीक करून ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात तोंडातोंडी पसरवायचं. पोर्तुगीज सरकार गोवा हा पोर्तुगालचाच ‘सागरपार प्रांत’ असून लोक सुखी आहेत असं सांगे. केंद्र त्या प्रचाराची रोज चिरफाड करी. सत्याग्रहींच्या शिक्षा, तुरुंगातली मारहाण, संयुक्त राष्ट्रांतली भाषणं, आशिया आणि आफ्रिकेत एकामागून एक स्वतंत्र होणारे देश, हे सगळं सेन्सॉरच्या भिंतीवरून आत पडत होतं. 1961 च्या आरंभी अंगोलात उठाव झाला तेव्हा लिस्बनचं राज्य एका टोकाने उसवू लागलं. ते दुसऱ्या टोकाला कळणं हीच लिस्बनला नको असलेली गोष्ट होती.

माझ्या मते या केंद्राचं मोल तिथे आहे. ऑपरेशन विजयबद्दल, म्हणजे डिसेंबर 1961 च्या लष्करी कारवाईबद्दल बोलताना आपण दोन दिवसांत गोवा घेतला असं अभिमानाने सांगतो, आणि सैन्याचं काम तेवढं चोख होतंच. पण दोन दिवसांत भूभाग घेता येतो. ज्या समाजाला साडेचारशे वर्षं बोलण्याआधी इकडेतिकडे बघायची सवय लागली होती, त्याची ती सवय मोडायला सहा वर्षांची रोजची बडबड लागली. बंदुकीइतकं या आवाजाचं नाव होत नाही, कारण त्याने जिंकलेलं काही नकाशावर दाखवता येत नाही.

शेवटचा अंक बेळगावात घडला. 1961 च्या नोव्हेंबरात कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या प्रवासी जहाजावर गोळ्या झाडल्या, मग मच्छीमारांवर. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची 17 इन्फंट्री डिव्हिजन बेळगावात जमू लागली. सांबऱ्याच्या विमानतळावर लढाऊ विमानं आली. मोहिमेची जमवाजमव इथे, घाट उतरायच्या वाटा अनमोड आणि दोडामार्गकडून. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या या गावाला लष्करी गाड्यांची सवय होती, पण एवढ्या गाड्या लोकांनी कधी पाहिल्या नव्हत्या. रेडिओ केंद्रही जंगल सोडून बेळगावला आलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलना शरण येण्याचं आवाहन करणारा संदेश त्यावरून पुन्हा पुन्हा ऐकवला गेला.

गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांच्यापुढे त्याच वेळी दुसराही संदेश होता, सालाझारचा: शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नाही. 18 डिसेंबरच्या पहाटे कारवाई सुरू झाली. हंटर विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं. म्हणजे सहा वर्षं जंगलातल्या आवाजाला उत्तर देणारा आवाज आधी बंद पडला. बंदरात ‘अफोंसो दि आल्बुकर्क’ नावाचीच युद्धनौका भारतीय नौदलाशी लढली आणि शेवटी किनाऱ्याच्या उथळ पाण्यात घुसवून सोडून द्यावी लागली. नावं ठेवताना इतिहास कधी कधी फार उघडपणे वागतो. अग्वादच्या किल्ल्यातल्या राजबंद्यांना सोडवायला गेलेले 7 कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू तिथे गोळीला बळी पडले. 19 तारखेच्या रात्री वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. शहरं बेचिराख करायचा हुकूम त्यांनी पाळला नाही. त्याबद्दल पोर्तुगालने त्यांना सैन्यातून बडतर्फ केलं. पणजी आणि जुन्या गोव्याच्या देखण्या इमारती आज उभ्या दिसतात त्याचं थोडं श्रेय या हरलेल्या सेनानीला द्यायला हरकत नसावी.

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी शेवटची घोषणा आकाशातून केली. ध्वनिवर्धक बसवलेल्या हवाई दलाच्या विमानात बसून ते गोव्यावर घिरट्या घालत राहिले, पत्रकं खाली टाकली आणि पोर्तुगीज व कोंकणीत लोकांना सांगितलं की साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. पुढे दोघांनी लग्न केलं. वामन सरदेसाई भारताचे अंगोलातले राजदूत झाले, म्हणजे ज्या उठावाच्या बातम्या कधीकाळी रानातून दिल्या जात होत्या त्याच देशात. लिबियाबाई गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती 2025 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. इतका उशीर का, हे विचारणं आता बाजूला ठेवू.

जे झालं त्याला काय म्हणायचं यावर न्यूयॉर्कमध्ये लगेच भांडण जुंपलं. सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव मांडला. बाजूने सात मतं, विरोधात चार; सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. विरोधातल्या चारांपैकी उरलेले तीन होते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, सगळे आशिया आणि आफ्रिकेतले. युरोपातून जे आक्रमण दिसत होतं ते तिकडून लिबरेशन दिसत होतं. पोर्तुगालने गोवा गेल्याचं मान्यच केलं नाही.

या अमान्यतेची किंमत एका मराठी माणसाने मोजली. मनोहर आपटे मूळचे सांगलीचे. गोव्यात सावईवेरे इथे मराठी शाळेत शिकवायला गेले आणि मोहन रानडे या नावाने आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेत काम करू लागले. ऑक्टोबर 1955 मध्ये, रेडिओ केंद्र सुरू व्हायच्या महिनाभर आधी, बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली 26 वर्षांची. त्यांना लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आलं. 1961 मध्ये गोवा सुटला, पोर्तुगीज सैनिक कैदी म्हणून पकडले गेले आणि काही महिन्यांत मायदेशी परतलेही. रानडे मात्र आतच. बरीचशी कैद एकांताची. ज्या भूमीसाठी तुरुंगात गेले ती मोकळी होऊन वर्षं उलटली तरी तिचा कैदी मोकळा होईना. सुधीर फडके पुन्हा पुढे झाले, त्यांच्या सुटकेसाठी समिती उभारली, सभा घेतल्या. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले, गोव्यानंतर सात वर्षांनी.

त्यानंतर पाच वर्षांनी पोर्तुगालचीच पाळी आली, आणि तिथेही सुरुवात रेडिओने झाली. 25 एप्रिल 1974 च्या मध्यरात्रीनंतर लिस्बनच्या एका केंद्रावरून ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ हे गाणं वाजलं. बंड करणाऱ्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांची ती ठरलेली खूण होती. हुकूमशाही एका दिवसात कोसळली. दोन दिवसांत काशियसचे दरवाजे उघडले आणि पोर्तुगीज राजकैदी बाहेर आले. वासालो इ सिल्व्हा यांना त्यांची लष्करी पदवी परत मिळाली. 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांनी गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली हे भारताचे असल्याचं मान्य करणाऱ्या करारावर सही केली. भारताकडून सही करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण, 1942 मध्ये साताऱ्याच्या मुलखात भूमिगत राहिलेले. करारात मान्यता त्या त्या प्रदेशाच्या विलीनीकरणाच्या तारखेपासून धरली आहे, त्यामुळे लिस्बनच्या दप्तरातही गोवा अखेर 1961 मध्येच सुटला.